ॲलानिन तयार झालंय, पण तुमच्या बाटलीत ते एकटं नाही

तुमचा प्रश्न मला असा समजला. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. १० ग्रॅम २-ब्रोमोप्रोपिऑनिक ॲसिड ५० मिली लिकर अमोनियात (अमोनियाच्या पाण्यातल्या तीव्र द्रावणात) घालून आठवडाभर ठेवलं, मग रोटाव्हेपरवर (कमी दाबाखाली द्रावण आटवणाऱ्या यंत्रावर) आटवलं आणि ९ ग्रॅम पांढरी पूड मिळाली. अमिनो आम्लांच्या निनहायड्रिन चाचणीला छान जांभळा रंग आला, रेणूतले हायड्रोजन ओळखणाऱ्या एनएमआरमध्ये ॲलानिन हे अमिनो आम्ल स्वच्छ दिसतंय. पण यील्ड, म्हणजे हाती आलेल्या मालाचं अपेक्षेशी प्रमाण, दीडशे टक्क्यांच्या वर जातंय, मेल्टिंग पॉइंट धड मिळत नाही आणि प्रकाशाचं वळण मोजणारा पोलॅरिमीटर शून्यावरून हलत नाही. गाईडना शंका आहे की हे ॲलानिन नाहीच. रिॲक्शन फसली का, आणि एल-ॲलानिन हवं असेल तर काय बदलायचं, हे तुम्हाला हवंय.

रिॲक्शन फसलेली नाही. माझं बरंचसं काम औषध कंपनीच्या प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये, अमिनो आम्लं आणि त्यांची डेरिव्हेटिव्ह्ज यांवर झालं आहे. त्या अनुभवावरून ठामपणे सांगतो: साध्या अमिनो आम्लात कार्बनवर नायट्रोजन बसवणं हे सगळ्यात सोपं काम असतं. खरी मेहनत पुढे दोन ठिकाणी लागते. एक, पाण्यात मिठासारखं विरघळणारा हा रेणू त्याच पाण्यातल्या क्षारांपासून वेगळा काढणं. दोन, एल आणि डी या डाव्या-उजव्या हातांसारख्या, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेल्या दोन रूपांतलं एकच मिळवणं. तुमची सगळी कोडी या दोन गोष्टींतून सुटतात. पुस्तकात बाणाच्या उजवीकडे ॲलानिन लिहिलं की विषय संपतो, म्हणून विद्यार्थ्यांचा सगळा वेळ बाणाच्या डावीकडे जातो.

आधी हिशेब करू. २-ब्रोमोप्रोपिऑनिक ॲसिडचा रेणुभार १५३, म्हणजे तुमचे १० ग्रॅम झाले सुमारे ०.०६५ मोल. एका मोल आम्लाला अमोनियाचे दोन मोल लागतात. एक रेणूत जाऊन बसतो, दुसरा बाहेर पडलेल्या हायड्रोजन ब्रोमाइडला धरून ॲमोनिअम ब्रोमाइड बनतो. ॲलानिनचा रेणुभार ८९, म्हणून ते जास्तीत जास्त ५.८ ग्रॅम मिळू शकतं. सोबत ॲमोनिअम ब्रोमाइड तयार होतं ६.४ ग्रॅम. आटवताना जास्तीचा अमोनिया आणि पाणी उडून जातं, पण हे दोन्ही पांढरे पदार्थ फ्लास्कमध्येच राहतात. तुमच्या ९ ग्रॅममध्ये ॲलानिन ५.८ पेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणजे किमान ३.२ ग्रॅम, एक तृतीयांशाहून अधिक माल, दुसरंच काहीतरी आहे. प्रत्यक्षात तो वाटा याहून मोठा असणार, कारण रिॲक्शनही शंभर टक्के होत नाही.

नेमका किती, हे तुम्ही कसं आटवलं त्यावर अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. पूर्ण कोरडं केलं असेल तर ब्रोमाइड जवळजवळ सगळं पुडीत आलं असेल. थोडं पाणी राखून, थंड करून गाळलं असेल तर परिस्थिती बरी आहे. २५ अंशांना १०० मिली पाण्यात ॲलानिन सुमारे १७ ग्रॅम विरघळतं, तर ॲमोनिअम ब्रोमाइड ७५ ग्रॅमच्या वर. त्यामुळे ॲलानिन आधी खाली बसतं आणि ब्रोमाइडचा बराच भाग मदर लिकरमध्ये, म्हणजे गाळून उरलेल्या द्रावणात, राहतो. ते मदर लिकर टाकून दिलं नसेल अशी आशा आहे.

आता तुमच्या चाचण्यांनी हे का दाखवलं नाही ते पाहू, कारण इथे शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. निनहायड्रिनचा जांभळा रंग येण्यासाठी शेवटी अमोनियाच लागतो. अमिनो आम्ल तुटून अमोनिया सुटतो आणि तो निनहायड्रिनच्या दोन रेणूंना जोडतो. साहजिकच ॲमोनिअमचे क्षारही ही चाचणी पॉझिटिव्ह देऊ शकतात. तुमच्या मिश्रणावर नुसता थेंब टाकून आलेल्या रंगातून काहीच सिद्ध होत नाही. टीएलसी (पातळ थरावर पदार्थ वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी) करा. ब्युटॅनॉल, ॲसिटिक ॲसिड आणि पाणी ४:१:१ घ्या, शेजारी बाजारातलं शुद्ध ॲलानिन आणि ॲमोनिअम ब्रोमाइड असे दोन्ही ठिपके द्या, आणि मगच निनहायड्रिन फवारा.

एनएमआरचा चकवा जास्त सूक्ष्म आहे. तुम्ही डी२ओ (जड पाणी) वापरलंय. १.४८ पीपीएमला डब्लेट (जोडशिखर) आणि ३.७८ ला क्वार्टेट (चार शिखरं), शिखरांमधलं अंतर (J) ७.२ हर्ट्झ: हे ॲलानिनच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ॲमोनिअमचे चारही हायड्रोजन ड्युटेरिअमशी अदलाबदल करून पाण्याच्या सिग्नलमध्ये मिसळून जातात आणि ब्रोमाइडला तर हायड्रोजनच नाही. निम्मी पूड क्षार असली तरी स्पेक्ट्रम तितकाच देखणा येईल. डी२ओमधला प्रोटॉन एनएमआर कोणता सेंद्रिय पदार्थ आहे ते सांगतो. वजनाचा किती भाग तो आहे ते सांगत नाही. ते हवं असेल तर मोजून घेतलेलं इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेचा पदार्थ) घाला, उदाहरणार्थ मॅलेइक ॲसिड, आणि इंटिग्रेशनवरून, म्हणजे सिग्नलच्या क्षेत्रफळांवरून, टक्केवारी काढा. त्याच स्पेक्ट्रममध्ये १.३३ ला छोटं डब्लेट आणि ४.१ ला क्वार्टेट दिसतंय का तेही बघा. ते लॅक्टेट असतं, म्हणजे अमोनियाऐवजी पाण्याने ब्रोमिन हटवल्याची खूण.

मेल्टिंग पॉइंटचा नाद इथे सोडा. ॲलानिन ३०० अंशांच्या जवळ वितळण्याऐवजी विघटित होतं आणि तो आकडा तुम्ही किती वेगाने तापवता त्यावर बदलतो. ॲमोनिअम ब्रोमाइड तर न वितळता उडून जातं. शेगडीवर जाळून राख बघायची युक्तीही चालणार नाही, कारण ॲमोनिअमचे क्षार राख ठेवत नाहीत. मेल्टिंग पॉइंट दाखवायचाच असेल तर थोड्या स्वच्छ मालाचं बेंझॉइल क्लोराइड आणि सोडा वापरून बेंझॉइल डेरिव्हेटिव्ह करा. डीएल-बेंझॉइल ॲलानिन (डीएल म्हणजे दोन्ही रूपांचं मिश्रण) १६५ अंशांच्या आसपास नीट वितळतं आणि परीक्षकांनाही ते पटतं.

क्षार आहे की नाही हे पाहायला दोन चाचण्या पुरतात आणि त्या बारावीच्या प्रयोगशाळेतल्याच आहेत. चिमूटभर पूड पाण्यात विरघळवा, आधी विरल नायट्रिक ॲसिड घाला, मग सिल्व्हर नायट्रेट. फिकट पिवळसर साका बसला की ब्रोमाइड आहे. नायट्रिक विसरू नका, कारण मोकळा अमोनिया आणि अमिनो आम्ल दोन्ही चांदीला द्रावणात धरून ठेवतात आणि साका लपतो. दुसऱ्या टेस्ट ट्यूबमध्ये सोडिअम हायड्रॉक्साइड घालून किंचित कोमट करा आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. ॲलानिनचा नायट्रोजन इतक्या सौम्य अल्कलीत सुटत नाही. लिटमस निळा झाला तर तो ॲमोनिअममुळे.

आता सफाई. सगळ्यात सोपा मार्ग मेथॅनॉलचा. ॲमोनिअम ब्रोमाइड मेथॅनॉलमध्ये चांगलं विरघळतं, ॲलानिन जवळजवळ नाही. इथेनॉलमध्ये ब्रोमाइडही कमीच विरघळतं, म्हणून या पायरीला मेथॅनॉलच हवं. तुमची ९ ग्रॅम पूड १५ ते २० मिली गरम पाण्यात विरघळवा, पाणी शक्य तितकं कमी ठेवा. ढवळत ढवळत ७० ते ८० मिली मेथॅनॉल हळूहळू घाला. एकदम ओतलं तर बारीक चिखलासारखा साका पडतो आणि ब्रोमाइड त्यात अडकून राहतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, गाळा, थंड मेथॅनॉलने धुवा, सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करा. बहुतेक वेळा एका फेरीत साका पूर्ण थांबत नाही. दुसरी फेरी करा. दर फेरीत थोडं ॲलानिन गमावणार, ते मान्य करून चला.

याहून स्वच्छ काम आयन एक्स्चेंज रेझिन करतं आणि प्रोजेक्टमध्ये ते दाखवलंत तर कामाला वजन येईल. इंडिऑन २२५ एच किंवा डॉवेक्स ५० यांसारखं तीव्र आम्लधर्मी कॅटायन रेझिन घ्या. आधी विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडने एच रूपात आणा, मग धुवणं रंगहीन आणि उदासीन होईपर्यंत पाण्याने धुवा. ॲलानिनचं द्रावण वरून सोडलं की ॲलानिन आणि ॲमोनिअम दोन्ही रेझिनला चिकटतात आणि ब्रोमाइड हायड्रोब्रोमिक ॲसिड होऊन खाली निघून जातं. धुवण्यात ब्रोमाइड येणं थांबलं की १ ते २ मोलर अमोनिया सोडा. ॲलानिन सुटून खाली येतं, अमोनिया रेझिनवर त्याची जागा घेतो. या रेझिनची क्षमता साधारण मिलिलिटरला १.८ मिलिइक्विव्हॅलंट असते. मेथॅनॉलने आधी साफ केलेल्या ४ ग्रॅम ॲलानिनला, म्हणजे ४५ मिलिमोलला, ५० ते ६० मिली रेझिन घेतलं तर पुरेशी मोकळीक राहते. सगळी कच्ची पूड थेट घातलीत तर अर्धं रेझिन ॲमोनिअम धरण्यातच खर्च होईल. फ्रॅक्शन तपासताना निनहायड्रिनचे ठिपके आधी गरम हवेने वाळवा, म्हणजे मोकळा अमोनिया उडून जाईल. गोळा केलेलं द्रावण आटवा, पुन्हा थोडं पाणी घालून परत आटवा, आणि पाणी-इथेनॉलमधून स्फटिक काढा.

एक सापळा मला वारंवार दिसतो, तो सांगून ठेवतो. ॲलानिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला रेणूवरचा एकूण विद्युतभार शून्य होतो तो) ६.० आहे असं वाचून विद्यार्थी हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि मग सोडिअम हायड्रॉक्साइड घालून पीएच ६ ला आणतात आणि साक्याची वाट बघत बसतात. साका पडत नाही, कारण ॲलानिन त्या पीएचलाही भरपूर विरघळतं. वर सोडिअम क्लोराइड नव्याने मिसळलं जातं, आणि ते मेथॅनॉलने धुऊन काढणं ब्रोमाइडपेक्षा अवघड. पीएच आणून साका पाडणं फिनिलॲलानिन, टायरोसिन, ल्युसिन यांसारख्या कमी विरघळणाऱ्यांसाठी ठीक आहे. ॲलानिन, ग्लायसिन, प्रोलिन यांच्यासाठी नाही.

रिॲक्शनमध्येही एक सुधारणा करा. तयार झालेल्या ॲलानिनवर मोकळा अमाइन आहे आणि तो अमोनियाइतक्याच उत्साहाने दुसऱ्या ब्रोमो आम्लावर हल्ला करतो. त्यातून इमिनोडायप्रोपिऑनिक ॲसिड तयार होतं. त्याचे एनएमआर सिग्नल ॲलानिनच्या जवळच येतात, म्हणून ते सहज नजरेतून सुटतं. यावर उपाय एकच: अमोनियाचा महापूर. २५ टक्के लिकर अमोनियात लिटरला सुमारे १३ मोल अमोनिया असतो. तुमच्या ५० मिलीत आम्लाच्या जेमतेम दहापट झाला. २०० मिली घ्या, म्हणजे चाळीसपट होईल. अमोनिया आधी बर्फात थंड करा आणि ब्रोमो आम्ल त्यात थेंबाथेंबाने घाला. क्रम उलटा करू नका, नाहीतर सुरुवातीला ब्रोमो आम्लच जास्त राहतं. मग खोलीच्या तापमानाला चार-पाच दिवस बंद बाटलीत राहू द्या. घाईने तापवलं तर अमोनिया उडतो आणि पाण्याचा वाटा वाढतो. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि गॉगल घालून. २-ब्रोमोप्रोपिऑनिक ॲसिड कातडी जाळतं. रोटाव्हेपरला विरल आम्लाचा ट्रॅप लावा, पंपही वाचेल आणि नाकही.

आता पोलॅरिमीटरचं शून्य. इथे दोन वेगवेगळी कारणं आहेत आणि ती वेगळी ठेवणं फार महत्त्वाचं आहे. पहिलं असं की तुमचं ॲलानिन रेसिमिक आहे, एल आणि डी निम्मे-निम्मे, आणि ते तसंच असणार. ब्रोमो आम्ल रेसिमिक, अमोनिया आणि पाणी तर सममितच. भांड्यात एकाही हाताची बाजू घेणारं काही नाही, मग एकच हात कुठून येणार? शून्य हे अपयश नाही, तेच अपेक्षित उत्तर आहे.

दुसरं कारण मोजमापाचं. समजा तुमच्याकडे शुद्ध एल-ॲलानिन असतं. पाण्यात त्याचं विशिष्ट वळण जेमतेम दोन-तीन अंश आहे. २ टक्के द्रावण आणि १ डेसिमीटरची नळी घेतली तर प्रत्यक्ष वाचन येईल ०.०५ अंशाच्या आसपास. कॉलेजातल्या हाफ-शेड पोलॅरिमीटरवर ते शून्यच दिसणार. ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये तेच वळण सुमारे +१४.६ अंशांवर जातं. १० टक्के द्रावण केलं तर १ डेसिमीटर नळीत जवळजवळ दीड अंश दिसेल. म्हणून रेसिमिक आहे असं रिपोर्टमध्ये लिहायचं असेल तर मोजमाप ६ नॉर्मल आम्लात करा आणि शेजारी बाजारातल्या एल-ॲलानिनचं वाचन द्या. पाण्यातल्या शून्यावरून कुठलाच निष्कर्ष निघत नाही.

मग एल-ॲलानिन मिळवायचं कसं? ऑप्टिकली शुद्ध, म्हणजे एकाच हाताच्या, ब्रोमो आम्लापासून सुरुवात करावी असं कुणीतरी सुचवेल. पण ते ब्रोमो आम्ल सहसा ॲलानिनपासूनच, नायट्रस ॲसिड आणि ब्रोमाइड वापरून करतात. तुमच्या प्रोजेक्टसाठी तो वळसा निरर्थक आहे. जुना मार्ग रेसिमिक रूप वेगळं करण्याचा. एमिल फिशर यांनी १८९९ मध्ये बेंझॉइल ॲलानिनचे ब्रुसिन आणि स्ट्रिक्निन यांच्याशी क्षार करून दोन्ही रूपं वेगळी केली. हे अल्कलॉइड आपल्या कोकणातही वाढणाऱ्या काजऱ्याच्या बियांत असतात. ते जहाल विषारी आहेत, म्हणून कॉलेजात त्या वाटेला जाऊ नका.

मला मनापासून सुचवावासा वाटतो तो एन्झाइमचा मार्ग. डीएल-ॲलानिनला ॲसिटिक अनहायड्राइडने एन-ॲसिटिल करा आणि ॲसायलेज एन्झाइम पीएच ७.५ ते ८ आणि ३७ अंशांच्या आसपास चालवा. एन्झाइम फक्त एल रूपाचा ॲसिटिल गट तोडतं, डी रूप एन-ॲसिटिलच राहतं. एक झालं मोकळं अमिनो आम्ल, दुसरं साधं आम्ल. आता त्यांना वेगळं करणं सोपं. उरलेलं डी रूप ॲसिटिक अनहायड्राइडबरोबर तापवून पुन्हा रेसिमिक करता येतं आणि फिरून वापरता येतं. जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीने १९६९ मध्ये हेच एन्झाइम रेझिनसारख्या आधारावर बांधून कॉलममध्ये सतत चालवलं. स्थिर केलेल्या एन्झाइमचा तो पहिला औद्योगिक वापर मानला जातो. ॲसिटिक अनहायड्राइड अमली पदार्थविरोधी कायद्याखाली नियंत्रित आहे, त्यामुळे कॉलेजच्या स्टोअरमधून नोंद करूनच घ्या.

उद्योगात आज एल-ॲलानिन अशा खटाटोपाने करत नाहीत. एल-ॲस्पार्टिक ॲसिडमधून एन्झाइमने एक कार्बन डायऑक्साइड काढला की एल-ॲलानिन थेट मिळतं, किंवा ते फर्मेंटेशनने करतात. शुद्ध रासायनिक मार्ग जिथे टिकून आहे त्याचं उत्तम उदाहरण मेथिओनिन. कोंबड्यांच्या खाद्यात डीएल-मेथिओनिन तसंच घालतात, कारण कोंबडीचं शरीर डी रूप एलमध्ये बदलून घेतं. हात निवडायची गरजच नाही म्हणून रसायनशास्त्र स्वस्त पडतं. व्हायव्हात हा मुद्दा नक्की मांडा.

तुम्ही शेवटी विचारलंय की स्ट्रेकर पद्धत का नको. ॲडॉल्फ स्ट्रेकर यांनी १८५० मध्ये ॲसिटाल्डिहाइड, अमोनिया आणि हायड्रोजन सायनाइडपासून ॲलानिन पहिल्यांदा केलं, आणि आजही ती पद्धत उद्योगात जिवंत आहे. पण सायनाइड हाताळायला सतत गॅस मोजणारी यंत्रणा, प्रशिक्षित माणसं आणि कचऱ्याची सोय लागते. तुमच्या गाईडनी परवानगी नाकारली ते योग्यच केलं. शिवाय शेवटी स्ट्रेकरचं ॲलानिनही रेसिमिकच आणि क्षारात बुडालेलंच येतं. तुमच्या दोन्ही अडचणी तशाच राहिल्या असत्या.

हाती अजून एक सत्र असेल तर फिनिलॲलानिनकडे वळा. हिप्युरिक ॲसिड, बेंझाल्डिहाइड, ॲसिटिक अनहायड्राइड आणि सोडिअम ॲसिटेट यांतून पिवळंधमक ॲझलॅक्टोन मिळतं, जे १६७ अंशांच्या आसपास नीट वितळतं. ते उघडून, पॅलेडिअम-कार्बनवर हायड्रोजन देऊन, मग आम्लात उकळलं की डीएल-फिनिलॲलानिन तयार होतं. ते १०० मिली पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम विरघळतं, म्हणून पीएच ५.५ ला आणलं की खाली बसतं. वेगळं केल्यावर एल रूप पाण्यातच सुमारे −३४ अंश वळण देतं. अशाच दुहेरी बंधाच्या आम्लावर विल्यम नोल्स यांनी मोनसॅंटो कंपनीत ऱ्होडिअमच्या, एकाच हाताच्या कॅटलिस्टने हायड्रोजन देऊन पार्किन्सनवरचं एल-डोपा केलं आणि २००१ च्या नोबेलमध्ये वाटेकरी झाले.

तूर्तास क्रम असा ठेवा: आधी सिल्व्हर नायट्रेट आणि लिटमस, मग मेथॅनॉलच्या दोन फेऱ्या, मग रेझिन, आणि त्यानंतरच वजन करून यील्ड काढा. ५.८ ग्रॅमच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास स्वच्छ माल हाती आला तरी या पद्धतीसाठी ते चांगलं यील्ड आहे. मेथॅनॉलची मदर लिकर्स टाकू नका. एकत्र करून आटवा, थोड्या पाण्यात घेऊन पुन्हा मेथॅनॉल घाला, बहुधा अजून अर्धा ग्रॅम तरी निघेल.